शून्य कुठे धरायचे?

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

मराठी आणि इतिहास हे माझे विषय. त्यामुळे ‘कोरीव कामाच्या यंत्रावर टूलची उंची कशी सांभाळावी’ यावर मी वार्षिकासाठी लेख लिहितो आहे, हे कळल्यावर वर्गातले मित्र हसले. ‘हा लेख आय.टी.आय.च्या अंकात शोभेल,’ असे एकाने तोंडावर सांगितलेही. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण गेल्या उन्हाळ्यात पितळेच्या एका पाटीने मला असा धडा दिला, की तो लिहून काढल्याशिवाय चैन पडेना. मित्रांनी आणि गुरुजनांनी तो वाचावा आणि मग हसायचे की नाही ते ठरवावे.

आमचा पाडा हरसूलच्या बाजारापासून पायी तासाभरावर आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा सगळा डोंगराळ भाग. भात, नागली, वरई ही पिके. पाऊस उदंड, पण मार्च लागला की पाण्यासाठी वणवण. भात घरात आले की माणसे गिरणाऱ्याला, दिंडोरीला द्राक्षबागांच्या कामावर जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. माझा चुलतभाऊ आय.टी.आय. करून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आहे. त्याच्या ओळखीने एक जुने सी.एन.सी. यंत्र विकायला निघाले होते. माझी दोन हंगामांची बागेतली मजुरी आणि त्याच्या पगारातली शिल्लक एकत्र करून ते आम्ही घेतले.

सी.एन.सी. म्हणजे आकड्यांच्या हुकमाने चालणारे यंत्र. आमचे यंत्र छंदवाल्यांचे, टेबलावर मावणारे आहे. त्याला ‘३०१८’ म्हणतात, कारण त्याचा बेड सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असतो. वर एक छोटी फिरती मोटर असते, तिला स्पिंडल म्हणतात. तिच्या टोकाला कोरणारे टूल बसवायचे. डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांना तीन मोटरी. संगणकावरून एकेक ओळ हुकूम जातो आणि टूल त्या जागी जाते. नावाच्या पाट्या, किल्लीचे बिल्ले, लाकडावरची नक्षी अशी कामे त्यावर होतात.

आता त्या पाटीची हकिकत. पाड्याजवळच्या झऱ्यावर लोकांनी श्रमदानाने एक टाकी बांधली. २१ घरांनी दगड वाहिले, वाळू वाहिली. पावसाळ्याआधी टाकी पुरी झाली आणि सर्वांची नावे पितळेच्या पाटीवर कोरून ती टाकीला लावावी असे ठरले. ‘पोराकडे यंत्र हाय, त्योच करील,’ असे वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले. मला कोण आनंद! नाशिकहून २०० मिलिमीटर लांब, १२० मिलिमीटर रुंद असा पितळी पत्रा आणला. तीन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत सात नावे. घरे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने नावे घातली. शेवटचे घर ओढ्यापलीकडच्या एकट्या आजीचे, म्हणून तिचे नाव उजवीकडे, सर्वांत खाली.

भाऊ कामावर गेला होता. मी एकट्याने पत्रा बेडवर चिकटवला, डाव्या वरच्या कोपऱ्यात टूल टेकवले, ‘इथे शून्य’ असे संगणकाला सांगितले आणि ०.२ मिलिमीटर खोलीचा हुकूम देऊन यंत्र सुरू केले. पहिली नावे झकास उठली. मी चहा प्यायला घरात गेलो. परत आलो तेव्हा काम संपले होते आणि पाटी बिघडली होती. पहिल्या रांगेतली वरची नावे ठसठशीत, खाली येता येता बारीक झालेली. मधल्या रांगेतली त्याहून पुसट. तिसऱ्या रांगेतले खालून दुसरे नाव नुसते ओरखड्यासारखे, आणि शेवटचे नाव उमटलेच नव्हते.

तेवढ्यात पाटी पाहायला चार माणसे आली, त्यांत ती आजीही होती. तिला वाचता येत नाही. तिने पत्र्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक नावाशी थांबून ‘हे कोनाचं?’ असे विचारत विचारत ती शेवटापर्यंत आली. तिथे पितळ गुळगुळीत होते. तिने बोट दोनदा फिरवले आणि विचारले, ‘माझं नाव कुठं हाय रं, पोऱ्या?’ मला उत्तर देता आले नाही.

यंत्र तर हुकमाप्रमाणेच चालले होते. मग असे का झाले? रात्री भावाने एका वाक्यात सांगितले, ‘यंत्राला पत्रा दिसत नाही, त्याला फक्त तुझा शून्य माहीत आहे.’ माझा सगळा लेख म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

आपल्याकडे भाताची लावणी सर्वांनी पाहिली आहे. चिखलणी झाल्यावर खाचरात फळी फिरवून चिखल सपाट करतात. ते काम नीट झाले नाही तर काय होते? पाणी आपली पातळी सोडत नाही. जमीन एका बाजूला खोल असली तर तिथे रोप बुडते, दुसऱ्या बाजूला उंच असली तर तिथले रोप कोरडे राहते. पाणी सगळीकडे एकाच पातळीवर आणि खोली मात्र जागोजागी वेगळी! यंत्रावरचे टूल त्या पाण्यासारखेच असते. ‘शून्याच्या खाली ०.२’ म्हटले की ते बेडभर त्याच एका पातळीत फिरते. खालचा पत्रा तिरपा असला तर एका टोकाला घाव खोल बसतो आणि दुसऱ्या टोकाला टूल हवेत फिरते.

आमच्या पाटीचे दुसऱ्या दिवशी मोजमाप केले. डावा वरचा कोपरा शून्य धरला, तर उजवा वरचा ०.०९ मिलिमीटर, डावा खालचा ०.१४ आणि उजवा खालचा ०.२५ मिलिमीटर खाली होता. म्हणजे ०.२ चा घाव त्या कोपऱ्यात पत्र्याला न लागता ०.०५ मिलिमीटर वरून निघून गेला. आपण परीक्षेत लिहितो तो साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. अडीच कागदांच्या जाडीने एका म्हातारीचे नाव गाळले!

इतक्या बारीक फरकाने एवढा घोळ होतो याचे दुसरे कारण टूलच्या आकारात आहे. अक्षरे कोरायला जे टूल वापरतात ते पेन्सिलीच्या टोकासारखे निमुळते असते, त्याला व्ही-बिट म्हणतात. ते जितके खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. आमचे टूल ६० अंशांचे होते आणि त्याचे टोक ०.१ मिलिमीटर रुंद. अशा टूलची खोली १ ने वाढली की रेघेची रुंदी सुमारे १.१५ ने वाढते. म्हणून ०.२ मिलिमीटर खोलीला रेघ ०.३३ मिलिमीटर आणि ०.०६ खोलीला ०.१७. रेघ निम्मी झाली. ९० अंशांच्या टूलने हाच फरक आणखी मोठा दिसतो, कारण तिथे खोलीच्या दुपटीने रुंदी वाढते. ३० अंशांचे टूल बरेच सांभाळून घेते. तिथे ही वाढ जेमतेम ०.५४ पट. पण ते टूल नाजूक. पितळेत जरा जोर झाला की त्याचे टोक उडते.

मराठी अक्षरांत हा दोष लपत नाही, त्याचे कारण शिरोरेघ. नावाच्या डोक्यावरून जाणारी ती सरळ रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक झाली, तर कोणाच्याही डोळ्यांना लगेच खटकते. मी तर आता पाटी पाहताना अक्षरांआधी शिरोरेघच पाहतो.

खोलीचे हे महत्त्व जुन्या कारागिरांना पुरते ठाऊक होते. १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली, असे मुद्रणाच्या इतिहासात आपण वाचतो. अशा छपाईत कोरलेल्या खाचेत शाई भरतात आणि पत्र्याचा वरचा भाग पुसून घेतात. खाच खोल असेल तर जास्त शाई धरते आणि रेघ काळीभोर उठते, उथळ असेल तर रेघ फिकी येते. अक्षरे उलटी कोरायची ती वेगळीच. हे सगळे हाताच्या अंदाजाने करायचे! नाशिकच्या भांडी बाजारात भांडे घेतले की त्यावर नाव घालून देणारा माणूसही गोल तांब्यावर हात फिरवत सारख्याच खोलीची अक्षरे काढतो. आमच्या भागात शिवेवर वाघदेवाची लाकडी पाटी असते. तिच्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. पटाशी चालवणाऱ्याच्या मनगटाला लाकूड कुठे उंच, कुठे सखल ते कळते आणि हात आपोआप वर-खाली होतो. यंत्राच्या मनगटाला हे कळत नाही. ते त्याला निरनिराळ्या उपायांनी कळवावे लागते.

पहिला उपाय म्हणजे शून्य नीट धरणे. सर्वांत स्वस्त साधन कागद. टूलखाली कागदाचा कपटा ठेवून तो हाताने हळूहळू हलवत राहायचे आणि टूल अगदी थोडे थोडे खाली आणायचे. कागद जिथे अडकायला लागेल तिथे टूल पत्र्यापासून एका कागदाएवढे, म्हणजे ०.१ मिलिमीटर वर आहे असे समजायचे. पण अडकण्याचा अंदाज माणसागणिक बदलतो. पितळेसारख्या, वीज वाहणाऱ्या धातूवर याहून चांगली सोय आहे. एक वायर पत्र्याला आणि दुसरी टूलला चिमट्याने लावायची. टूल हळूहळू उतरते आणि पत्र्याला टेकताक्षणी विजेचे मंडल पुरे होऊन नियंत्रकाला खूण मिळते. तो तिथेच थांबून उंचीची नोंद करतो. याला प्रोब करणे म्हणतात. पहिल्यांदा जरा वेगाने, मग थोडे वर उचलून दुसऱ्यांदा अगदी सावकाश टेकवले तर आकडा अधिक भरवशाचा मिळतो. लाकूड वीज वाहत नाही, म्हणून तिथे जाडी मोजलेली अल्युमिनियमची चकती मध्ये ठेवतात आणि तेवढी जाडी हिशेबातून वजा करतात. एक गोष्ट मात्र विसरू नये: स्पिंडल सुरू करण्याआधी टूलचा चिमटा काढायचा. मी एकदा विसरलो आणि वायर क्षणात गुंडाळून तुटली.

इथे एक शंका येईल. यंत्रच ढोबळ असेल तर नुसता शून्य धरून काय उपयोग? आमच्या यंत्रात उभ्या स्क्रूच्या एका फेऱ्याला टूल ४ मिलिमीटर सरकते. मोटर एका फेऱ्यात २०० टप्पे घेते आणि नियंत्रक प्रत्येक टप्प्याचे आणखी ८ भाग करतो. ४ ला १६०० ने भागले की ०.००२५ मिलिमीटर येतात, म्हणजे कागदाच्या जाडीचा चाळिसावा भाग. कागदावरची ही बारकाई प्रत्यक्षात पुरी मिळत नाही, कारण स्क्रू आणि नट यांत थोडी ढिलाई असते. म्हणून नेहमी वरून खाली येतानाच मोजायचे, खालून वर जाताना नाही. तरीसुद्धा पाव मिलिमीटरची चूक यंत्राच्या माथी मारता येत नाही. ती माझी होती.

दुसरा उपाय पृष्ठभागच सपाट करण्याचा, खाचरातल्या फळीसारखा. बेडवर एक लाकडी फळी पक्की बसवून तिचा वरचा पातळ थर त्याच यंत्राने कापून काढतात. मग ती फळी यंत्राच्या स्वतःच्या चालीशी समांतर होते. तिच्यावर पत्रा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने सगळीकडे सारखा दाबून बसवावा. नुसते कडांना क्लॅम्प आवळले तर पातळ पत्र्याचे पोट वर येते. पाणसळ लावून बेड बघण्यात मात्र अर्थ नाही. टेबल जमिनीला समांतर आहे की नाही याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. बेड त्याच्या चालीशी समांतर हवा.

तिसरा उपाय टूललाच पृष्ठभागावर टेकून चालायला लावण्याचा. कोरीव कामाच्या व्यावसायिक यंत्रांत टूलभोवती एक गुळगुळीत नाक असते. ते स्प्रिंगच्या जोराने पत्र्यावर टेकून सरकते आणि टूल त्या नाकाच्या बाहेर ठरलेल्या मापानेच डोकावते. पत्रा वर गेला की नाक वर आणि टूलही वर. दुसरा प्रकार हिऱ्याच्या टोकाच्या सुईचा. ती फिरत नाही, स्प्रिंगच्या दाबाने ओरखडते. तिथे उंची मोजावीच लागत नाही, दाब सांभाळला की झाले. पण तिची रेघ उथळ असते. आमच्याकडच्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या, रंग भरायच्या पाटीला ती पुरत नाही.

चौथा उपाय आम्ही वापरला. त्याला उंचीचा नकाशा म्हणता येईल. पत्र्यावर ठरावीक अंतरावर ठिकठिकाणी टूल टेकवून प्रत्येक जागेची उंची आधी नोंदवून घ्यायची. नंतर संगणक कोरण्याच्या प्रत्येक हुकमात त्या त्या जागेच्या उंचीप्रमाणे वर-खाली दुरुस्ती करतो. छंदवाल्यांत ही पद्धत रुजली ती घरच्या घरी विजेच्या सर्किटचे पत्रे कोरण्यासाठी. तिथे तांब्याचा थर साधारण ०.०३५ मिलिमीटर जाड असतो. तेवढाच कापायचा, खालचा पत्रा फार खरवडायचा नाही. ‘कँडल’ आणि ‘बीसीएनसी’ हे फुकट मिळणारे प्रोग्राम हा नकाशा काढून देतात.

मी भावाला म्हटले, ‘चार कोपरे मोजले की भागेल.’ तो म्हणाला, ‘मोजून बघ.’ चारही कोपऱ्यांची सरासरी काढली तर मध्यबिंदू ०.१२ मिलिमीटर खाली असायला हवा होता. प्रत्यक्षात तो ०.०७ निघाला. पत्रा मध्ये ०.०५ मिलिमीटर फुगला होता. कोपरे बघून मधले ताडता येत नाही. म्हणून २० मिलिमीटरच्या अंतराने लांबीत ११ आणि रुंदीत ७ असे ७७ बिंदू घेतले. दहा-बारा मिनिटे टूल चिमणीसारखे टिपत राहिले. दोन बिंदूंच्या मधली उंची संगणक जवळच्या चार बिंदूंवरून हिशेबाने काढतो. इथे शिरोरेघेने पुन्हा एक गोष्ट शिकवली. लांब सरळ रेघेला यंत्राच्या भाषेत दोनच हुकूम पुरतात, इथून तिथे. मधल्या चढउताराची दखल घ्यायची तर त्या रेघेचे लहान लहान तुकडे पाडावे लागतात. प्रोग्राम ते करतो, पण तुकड्यांची लांबी आपण सांगायची.

आणखी दोन खबरदाऱ्या. टूल बदलले की त्याची लांबी बदलते, म्हणून शून्य नव्याने धरावा लागतो. आणि मध्येच वीज गेली तर यंत्राला आपण कुठे आहोत ते आठवत नाही. आमच्याकडे वीज जाणे नवीन नाही. त्यासाठी पत्र्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण आधीच करून ठेवतो. वीज आली की त्याच खुणेवरून पुन्हा सुरुवात.

नवा पत्रा घ्यायला पैसे नव्हते. आम्ही तीच पाटी उलटी केली, पाठ घासून साफ केली, पट्टीने सगळीकडे सारखी दाबून बसवली, नकाशा काढला आणि पुन्हा २१ नावे कोरली. या वेळी मी चहाला गेलो नाही. शेवटच्या नावाची शिरोरेघ पहिल्या नावाइतकीच रुंद उठली. खाचांत काळा रंग भरून वरचा पुसून काढला.

पाटी टाकीला लावली त्या दिवशी आजी आली. तिने पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवले. तिला कोणाचीही घाई नव्हती. शेवटच्या नावावर बोट थांबले, नखाने तिने खाच चाचपली. ‘हे माझं,’ ती म्हणाली. या वेळी तिने विचारले नाही. मग हंडा भरून ती ओढ्याकडे निघून गेली.

असो. लेखाचा विषय टूलच्या उंचीचा आहे आणि तो इथे संपतो. पण आम्ही कला शाखेचे विद्यार्थी, तेव्हा एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एका कोपऱ्यात शून्य धरून सगळ्यांना त्याच मापाने मोजले, की जवळची नावे ठसठशीत उठतात आणि शेवटचे घर सुटते. त्यात यंत्राचा दोष नसतो आणि शेवटच्या घराचा तर नसतोच. मोजणाऱ्याने शेवटच्या घरापर्यंत जाऊन टेकून यायला हवे होते, एवढेच. टाकीवरच्या त्या पाटीच्या पाठीला माझी पहिली चूक अजून तशीच कोरलेली आहे. भिंतीकडे तोंड असल्याने ती कोणाला दिसत नाही. मला मात्र ती कुठे आहे ते माहीत आहे.